सफरचंद ठेवून जाऊ नका

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीच्या बसस्टँडवर भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते आणि माझ्या हातात वाळूची पिशवी होती. तिनेच मागवली होती. आदल्या दिवशी फोनवर आवाज अगदी खोल गेलेला, पण हुकूम सोडायचा थाट तोच... "सुधा, जाड वाळू आणजो. बारीक नोको आणू, कांदे सडतात." चुलबंद नदीच्या पात्रात जाऊन मी ती आणली होती, घरी चाळली होती. आता माझा थोरला भाऊ, दादा, फोनवर म्हणत होता, "निर्मला गेली वो सुधा." मागे हायवेवरून ट्रक धडधडत चालले होते, मला नीट ऐकू आलं नाही आणि त्या बिचाऱ्याला ते पुन्हा सांगावं लागलं. शेजारच्या एका बाईने माझा चेहरा पाहून पिशवी हातातून घ्यायला हात पुढे केला. मी दिली नाही. गाडी आली तशी चढले आणि वाळू मांडीवर घेऊन भंडाऱ्यापर्यंत बसले. लोकांना अशा वेळी रडू येतं. मला राग आला होता. कुणाचा, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

घरी पोचले तर चौकात श्रद्धांजलीचा फलक लावायची तयारी चाललेली. तिचा कुठल्याशा लग्नातला फोटो आणि खाली मजकूर, 'शांत, सोशिक, मनमिळाऊ'. मी फलकवाल्याला म्हटलं, भाऊ, यातलं एकही खरं नाही. तो गोंधळला. त्याच्याकडे बायकांसाठी हेच तीन शब्द असावेत. फलक तसाच लागला, पण मी हा लेख लिहायला बसले ते त्या तीन शब्दांमुळेच. माझी वहिनी शांत नव्हती. सोशिक तर मुळीच नव्हती. आणि मनमिळाऊ म्हणाल, तर ज्याला तिच्याशी मन मिळवायचं असेल त्याने यावं, ती उठून जाणारी नव्हती.

ती माझ्या मधल्या भावाची बायको. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं. आधी माग होते, मग माग गेले आणि दुकान राहिलं, जे दादा सांभाळतो. वहिनीचं माहेर करडी गावचं. तिकडे चहूकडे धान आणि त्यात तिच्या वडिलांचे माग. लग्नाच्या मांडवात नवऱ्याला हार घालताना तिला पाटावर उभं करावं लागलं होतं, इतकी ती ठेंगणी. मी तेव्हा शाळेत होते. आईने पहिल्याच दिवशी तिला 'ठेंगणी' म्हणून हाक मारली आणि तिने ओ दिली नाही. दिवसभर दिली नाही. संध्याकाळी आईला नावाने हाक मारावी लागली. आमच्या घरात आईला हरवणारं पहिलं माणूस म्हणून मी त्या दिवसापासून तिच्या पक्षात गेले ती अजून तिथेच आहे.

घरामागे मोकळी जागा होती, तिथे मागाचं तुटकं सामान पडलेलं असे. तिने ते उचलून बाग केली. गुलाब, शेवंती, झेंडू, जास्वंद... आणि बागेबरोबर आले फुलचोर. आमच्याकडे पहाटे फिरायला निघणाऱ्या सभ्य माणसांच्या एका हातात पिशवी असते आणि दुसऱ्या हातात टोकाला तारेचा आकडा लावलेली काठी. कुंपणावरून काठी आत येते, फांदी वाकते, फूल पिशवीत जातं. गल्लीत सगळ्यांत लांब काठी समोरच्या कमलबाईंची. वहिनी एकदा दबा धरून बसली आणि आत आलेली काठी तिने आतून धरून ठेवली. बाहेरून कमलबाई ओढताहेत, आतून ही. "देवाले नेऊन राहिली ना वो निर्मला, घरी खायले थोडीच नेऊन राहिली!" वहिनी म्हणाली, "देवाले पायजे असन तं देवाले पाठवा. काठी मी ठेवून घेतो." आणि ठेवून घेतली. तिच्यावर पुढे दोडक्याचा वेल चढवला.

नंतर मधला भाऊ गेला. दुकानात कापडाचा गठ्ठा उचलताना छातीत कळ आली आणि संपलं. मूलबाळ नव्हतं. वहिनी तशी तरुणच होती आणि त्या वर्षी संक्रांत आली तेव्हा मोठ्या वहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोने, दरवर्षीप्रमाणे घरात हळदीकुंकू ठेवलं. मी त्या दिवशी भंडाऱ्यातच होते. सकाळी मोठ्या वहिनी परात घेऊन बागेत गेल्या आणि शेवंतीची फुलं भरभरून तोडून आणली. संध्याकाळी बायका यायला लागल्या तशा त्या आत आल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "निर्मला, तू जराशी मांगच्या खोलीत बस." आवाज वाईट नव्हता. समजावणीचाच होता. मलाही त्यांनी डोळ्यांनीच मागची खोली दाखवली, कारण लग्न न झालेल्या, वय उलटत चाललेल्या नणंदेचं हळदीकुंकवात काय करायचं ते कुणालाच कळत नसे. आम्ही दोघी मागे बसलो. बाहेरून बांगड्यांचा आवाज, हसणं, अत्तराचा वास.  वहिनी म्हणाली, "माही शेवंती बाहेर बसली सुधा. अन् मी अंदर." आणि उठली. मी तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला. भरल्या बैठकीत ती सरळ गेली, मधोमध ठेवलेली फुलांची परात उचलली आणि म्हणाली, "फुलं माह्या बागेची चालतात, मी चालत नाही... तं मंग फुलं बी नाही चालत." परात घेऊन ती मागच्या खोलीत आली, दार लावलं आणि आम्ही दोघींनी ती सगळी फुलं आमच्या वेण्यांत खोवली. आरशात पाहिलं तर दोघी वरातीतल्या घोड्यांसारख्या दिसत होतो. मग मात्र ती रडली.

दुसऱ्या दिवसापासून ती एकाच गोष्टीच्या मागे लागली. तिला असं फूल हवं होतं जे कुणाला तोडून नेता येणार नाही. देवाच्या नावाने नाही, वेणीच्या नावाने नाही, हळदीकुंकवाच्या परातीसाठी नाही. ते तिला मिळालं शालवाल्या चाचांकडून.

दसरा झाला की हे काश्मिरी चाचा वरठीला रेल्वेतून उतरत, गठ्ठे सायकलवर बांधून भंडाऱ्यात येत आणि होळीपर्यंत शाली-स्वेटर विकत फिरत. कापडवाल्यांची कापडवाल्यांशी ओळख लवकर होते, त्यामुळे त्यांचा चहा आमच्या ओट्यावर ठरलेला. एकदा त्यांनी मोबाइलवर आपल्या अंगणाचा फोटो दाखवला. बर्फ, आणि बर्फातून अगदी जमिनीलगत वर आलेली निळी फुलं. वहिनीने फोन त्यांच्या हातातून घेतला तो परत द्यायलाच तयार नाही. "ये कौनसा फूल है चाचा? ये इतनाच बढ़ता?" चाचा म्हणाले, "आयरिस है भाभीजी, छोटावाला. इससे ऊपर नहीं जाता." तिने बोटं लावून पाहिलं. मातीपासून चार बोटं. कुंपणावरून कुणाचीही काठी पोचणार नाही, देठ एवढासा की वेणीत टिकणार नाही, हारात ओवता येणार नाही. तिचे डोळे असे चमकले की मला कमलबाईंची दया आली. चाचा समजावत होते, "आपके यहाँ नहीं होगा. यहाँ तो आग बरसती है. इसको ठंड चाहिए, बर्फ़ चाहिए." वहिनी म्हणाली, "बर्फ तो मेरे फ्रीज में बी है."

पुढच्या दसऱ्यानंतर चाचांनी रुमालात बांधून मूठभर कंद आणले. लसणाच्या कुडीएवढे, आणि प्रत्येकावर तपकिरी धाग्यांची जाळीदार साल. वहिनीने एक कंद उजेडात धरला, नखाने ती जाळी जराशी सोडवून पाहिली आणि म्हणाली, "हे तं आपल्यातलेच निघाले. कापड घालून आले." कोजागिरीला तिने ते कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. थंडी पुरेशी खाल्ली की वर्ष सरताना काढायचे, निम्मी वाळू घातलेल्या मातीत उथळ कुंड्यांतून लावायचे आणि संक्रांतीच्या पुढेमागे फुलं यायची, असा हिशेब. पण त्या वर्षी आली ती नुसती पानं, बारीक आणि ताठ, चौकोनी काडीसारखी. कमलबाई कुंपणावरून म्हणाल्या, "गवत लावलं काय वो?" दादा म्हणाला, "आपल्याइकडे व्हत नसन तं कायले नाद करते?" चाचांनी मात्र एकच प्रश्न विचारला. "भाभीजी, फ्रीज में सेब रखे थे क्या?" सफरचंदं होती. आमच्याकडे पाहुणा आला की फळं येतात, ती त्याच कप्प्यात कंदांच्या डोक्यावर ठेवली जात. चाचांनी कपाळाला हात लावला. पिकलेल्या फळाची हवा लागली की कंद जगतो, पानं येतात, पण आतल्या आत फूल मरतं. त्यांच्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा झाला. कोजागिरीपासून कंद निघेपर्यंत फ्रीजमध्ये फळ नाही. यावरून मोठ्या वहिनींशी रोज खटके. शेवटी घरात नवीन फ्रीज आला आणि जुना पांढरा फ्रीज वहिनीने आपल्या खोलीत ओढून नेला. त्याचं दार नीट लागत नसे. तिने जुन्या कोशाच्या लुगड्याचा काठ फाडून त्याची पट्टी केली आणि दार त्या पट्टीने बांधलं. गाठ मारायची ती विणकराची, तुटलेला धागा जोडताना मारतात ती. बारीक, आणि ओढली की आणखी घट्ट बसणारी.

दुसऱ्या वर्षी संक्रांत उलटल्यावर एका सकाळी तिचा फोन आला. "ये. आत्ता ये. शाळा मरू दे." मी तेव्हा लाखनीला शिक्षिका होते, रजा टाकून गेले. कुंडी ओट्याच्या पायरीवर ठेवली होती आणि तिच्यात फुलं उमलली होती. गडद निळी, जांभळ्याकडे झुकणारी, खालच्या पाकळीवर मधोमध पिवळी रेघ, लुगड्याच्या काठासारखी नेमकी. मी उभ्यानेच "वा" म्हणाले तर तिने माझा हात धरून खाली खेचलं. "उभी राहून काय दिसते तुले? ज्याले पाहायचं त्यानं वाकावं." मी गुडघे टेकले. तेव्हा कळलं, त्याला वासही आहे. अगदी हलका, नाक जवळ नेल्याशिवाय न येणारा. वहिनी माझ्याशेजारी मातीत बसली होती आणि तिचा चेहरा... मी तिला लग्नातही इतकी खूश पाहिली नव्हती.

आणि मग तिने ते केलं ज्यावरून गल्लीत पुढची कित्येक वर्षं कुजबुज चालली. ऐन हळदीकुंकवाच्या दिवसांत, रथसप्तमीच्या आत, तिने बायकांना घरी बोलावलं. हळद नाही, कुंकू नाही. फूल पाहायला. "सगळ्यायनं या. नवरा असलेल्यायनं बी या, मी काई मनाई नाही करत." पहिल्या वर्षी आम्ही मोजक्याच. मी, आणि सखूबाई, ज्या एके काळी आमच्या मागावर धाग्याच्या कांड्या भरायच्या आणि तरुणपणीच कपाळ पुसून बसल्या होत्या. सखूबाई आत येईनात. दारातूनच म्हणाल्या, "मी कशी येऊ बाप्पा, सणाचे दिवस होत." वहिनीने त्यांचा हात धरून कुंडीपाशी आणलं, हातावर तिळगूळ ठेवला. सखूबाई वाकल्या आणि उठेचनात. मग पुढल्या वर्षी त्या आणखी बायका घेऊन आल्या. नवऱ्याने टाकलेल्या, लग्न न झालेल्या, विधवा. मग त्यांच्या सुना आल्या. कमलबाई सगळ्यांत शेवटी आल्या, पण आल्या. त्यांचं अंग भारी, गुडघे दुखरे. तरी वहिनीने त्यांना खाली बसवलंच. उभ्याने दाखवायचं नाही म्हणजे नाही.

दादाला हे कधीच पटलं नाही. "लोकं काय म्हणतीन?" त्याचं एकच पालुपद. वहिनी म्हणे, "मले तं लोकं फुलं मस्त आली म्हणून राहिले. तुमाले कोन काय म्हणते?" पुढे मोठ्या वहिनीही गेल्या. दादाची बायको गेली, पण दादाला कुणी मागच्या खोलीत बसवलं नाही. तो प्रत्येक मांडवात पुढच्याच खुर्चीवर बसला, अक्षता टाकल्या, फेटा बांधून घेतला. वहिनीने हे त्याला एकदा जेवताना ऐकवलं. तो ताटावरून उठला नाही, पण त्या दिवशी दुसऱ्यांदा भातही मागितला नाही. त्यानंतरही त्याने कुंडीकडे ढुंकून पाहिलं नाही आणि तिनेही कधी त्याला बोलावलं नाही. एका घरात ती दोघं असं राहिली.

तिचे दोष झाकायचे नाहीत. ती फुलांच्या बाबतीत महाकंजूष होती. मंदिरातून माणूस आला, एवढं वेगळं फूल आहे तर एकदा देवाला वाहा म्हणाला. तिने त्याला चहा दिला, फूल दिलं नाही. "देवाले पाहायचं असन तं देवानं यावं, त्याले मी तिळगूळ देईन." माझ्या निवृत्तीच्या दिवशी मी एकच फूल मागितलं होतं, तेही नाही मिळालं. आमच्या उन्हात कंद दुसऱ्या वर्षी टिकत नाहीत, दरसाल चाचांकडून नवे घ्यावे लागतात. शेजारच्यांनी हात टेकले, की बाई, दरवर्षी जे मरतं ते कशाला लावते? ती म्हणाली, "दरसाल येते म्हणून."

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला तिचं दुखणं कळलं. कळलं तेव्हाच पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "चाचा आले काय पाहा." चाचा आले होते. कोजागिरीला तिने स्वतः कंद कप्प्यात ठेवले, पट्टी बांधली. आणि मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही ही आमची रीत, आणि हातात काय, तर सफरचंदं. जो येतो तो सफरचंदं घेऊन. करडीचे माहेरचे लोक, गल्लीतले लोक, दुकानाची गिऱ्हाइकं. वहिनी पलंगावरून ओरडायची, "खाऊन जा! सफरचंद ठेवून जाऊ नका!" लोकांना वाटलं, दुखणं डोक्यात गेलं. कमलबाई एक अख्खी पेटी घेऊन आल्या. वहिनीने त्यांच्याच हातात सुरी दिली आणि खोलीतल्या प्रत्येकाला फोडी वाटायला लावल्या. दुसऱ्याच्या आजारात लोक इतकी सफरचंदं खाऊन गेलेत असं दुसरं घर जिल्ह्यात सापडणार नाही. ती स्वतः एक फोडही गिळू शकत नव्हती, पण उशीला टेकून सगळ्यांकडे जरबेने पाहत असे.

मग नागपूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी तिच्याजवळ. घरी दादा एकटा, आणि लोकांचं येणं चालूच. ती घरी यायचंच म्हणून बसली तेव्हा डॉक्टरांनीही अडवलं नाही. घरी आणल्यावर पलंगावर टेकली आणि म्हणाली, "फ्रीज खोल." मी पट्टीला हात लावला तर गाठ वेगळीच, फुगलेली. दार उघडलं आणि वास आला. गोडसर, पिकलेला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "सफरचंद."

भाजीचा कप्पा, वरचा कप्पा, दारातले खण, सगळीकडे सफरचंदं. दादा दारात उभा होता. म्हणाला, "तिकडला फ्रीज भरून गेला होता. खराब व्हतीन म्हणून मीच ठेवले." इतक्या वर्षांत त्याने हा फ्रीज एकदाही उघडला नव्हता. कंदांना फळ का चालत नाही हे त्याने कधी ऐकून घेतलं नव्हतं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मोठ्या मनाने जाऊ द्या म्हणेल. आजारी माणसाकडून आपण तेच धरून चालतो. ती म्हणाली, "दादा, जन्मभर तुमी माह्या गोष्टीत हात नाही घातला. अन् घातला तं आत्ता?"  मी सफरचंदं काढायला लागले. सगळ्यांत खाली कागदी पिशवी होती. तिने ती मागितली, एक कंद काढून अंगठ्याने दाबून पाहिला. टणक होता. टोकाला पांढरा कोंब निघत होता. "कांदे जिवंत आहेत," ती म्हणाली, "लावजो. अन् फुलं नाही आली तरी बायका बोलव. ऐकून राहिली का सुधा? नाही आली तरी." मी हो म्हटलं. मग मी माझं घर पाहून यायला लाखनीला निघाले तेव्हा ती म्हणाली, वाळू संपली आहे, येताना आण.

म्हणून त्या दिवशी माझ्या हातात वाळू होती. अंत्यसंस्कार झाल्यावर दुसऱ्या सकाळी मी मागे कुंड्या काढून बसले. नात्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, सुतकात माती उकरू नये. मी म्हटलं, काल आपण तिचं सगळं आयुष्य मातीत घातलं ते चाललं ना?  माती आणि वाळू कालवली, कंद लावले, शेंडे जेमतेम झाकले. रोज बागेत जायचं म्हणून मी रथसप्तमीपर्यंत लाखनीला परत गेलेच नाही. पानं आली. भराभर आली, ताठ आली. मी रोज सकाळी गुडघे टेकून पानांच्या मुळाशी पाहत असे, कुठे निळं टोक दिसतं का... कळी नव्हती. एकाही कुंडीत नव्हती. चाचाही येऊन पानं बाजूला सारून पाहून गेले.

रथसप्तमी जवळ आली. घरात दुःख झालेलं, वर्षभर सण नाही, आणि फूलही नाही. बायकांना काय म्हणून बोलावायचं? मला वहिनीचा इतका राग आला त्या दिवशी, की जाता जाता असलं काम गळ्यात मारून गेली. पण मी हो म्हटलं होतं. दारोदार गेले. कमलबाईंना म्हणाले, "फुलं नाही आहेत. तरी या." कमलबाई म्हणाल्या, "फुलं नाही तं काय पाहायचं वो?"  मी नुसतं "या" म्हणाले आणि पुढे गेले.

त्या दुपारी मी अंगणात आले तर सतरंजी अंथरलेली होती. मी अंथरली नव्हती. कुंड्या एका ओळीत पायरीवर मांडलेल्या होत्या आणि दादा एका बाजूला खुर्चीवर बसला होता, दुकान बंद करून.  सखूबाई पहिल्या आल्या, मग इतर येत गेल्या. अंगण भरलं. इतक्या बायका फुलं असतानाही कधी आल्या नव्हत्या.  नुसत्या हिरव्या पानांच्या कुंड्या आणि समोर आम्ही. शेवटी सखूबाई पुढे झाल्या, काठी बाजूला ठेवली आणि गुडघे टेकून वाकल्या, दरसाल वाकायच्या तशाच. मग कमलबाई, कण्हत, दुसरीच्या खांद्याचा आधार घेत. मग एकेक करून सगळ्या. मी तिळगूळ वाटत होते आणि माझे हात चिकट झाले होते, म्हणून डोळेही पुसता येत नव्हते. सगळ्यांचं झालं असं वाटलं तेव्हा खुर्ची करकरली. दादा उठला. त्याचे गुडघे कमलबाईंहून वाईट आहेत, जमिनीवर बसणं त्याने केव्हाच सोडलंय. तो पायरीला धरून खाली बसला आणि कुंडीवर वाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ तसाच होता. मी त्याला उठवायला पुढे गेले तेव्हा म्हणाला, "मले दाखव ना वो सुधा, फूल कुठून निंघते ते." मी त्याला पानांच्या मधली जागा बोटाने दाखवली.

यावर कुणी म्हणेल, चला, शेवटी तरी माणूस बदलला. मी म्हणणार नाही. वहिनी असती तर तिनेही म्हटलं नसतं. तिच्या हयातीत त्याला वाकायला काय झालं होतं? ते मी त्याला माफ केलेलं नाही आणि तिच्या वतीने माफ करायचा मला अधिकारही नाही.

पण परवाची गोष्ट सांगते. दादाला ताप आला म्हणून मी लाखनीहून भेटायला गेले. त्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर, खिडकीत, जमिनीवर परातीत, सफरचंदंच सफरचंदं. भेटायला येणारे आणतच असतात. उन्हाळ्याची चाहूल लागलेली, खोली तापलेली, काही सफरचंदं डागाळून मऊ पडली होती आणि त्यांच्यावर चिलटं बसत होती. मी म्हटलं, "दादा, फ्रीजमध्ये काहून नाही ठेवले?" तो म्हणाला, "मोठा भरला हाय." मी वहिनीच्या खोलीत गेले. जुना पांढरा फ्रीज भिंतीशी घरघर करत होता. चालू होता. दाराला कोशाच्या काठाची पट्टी, आणि गाठ बारीक, घट्ट, विणकराची... आमच्या वडिलांनी लहानपणी आम्हा भावंडांना मागापाशी बसवून शिकवली होती तशी. ती सोडवायला मला नखं लावावी लागली. आत काहीच नव्हतं. सगळे कप्पे पुसून लख्ख, भाजीच्या कप्प्यात कोरी कागदी पिशवी घडी करून ठेवलेली.

पलंगावरून दादाने हाक मारली, "दार लाव वो सुधा, हवा जाते." मी म्हटलं, रिकामा फ्रीज आतापासून कायले चालू ठेवला? कंद दसऱ्याला येतील, त्याला अजून किती अवकाश आहे. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बंद केला अन् मंग चालूच नाही झाला तं?"

मी दार लावलं, पट्टी बांधली, आणि परातीतलं एक सफरचंद घेऊन त्याच्यासमोर कापायला बसले. दोघांनी मिळून जमतील तेवढी खाल्ली.